अंगणात मोह असेल तर

भाऊ, ज्ञानगंगा अभयारण्याला लागून घर घेतलंत, छान. पण दारातल्या मोहाचं आधी बघा. मार्च-एप्रिलात फुलं रात्रभर टपटपतात अन् त्या वासावर अस्वल येतं. फुलं चांगलं उजाडल्यावरच वेचा, तीही दोघांनी, बोलत-खाकरत. त्याची नजर अधू, नाक मात्र तिखट. वेचलेली फुलं ओसरीवर ठेवू नका. आम्ही एकदा ठेवली. सकाळी टोपली फाटलेली अन् कुडाच्या भिंतीवर बोटभर लांब नखांचे ओरखडे! पहाटे बाहेर पडताना बॅटरी हवीच. पाठीवर पिलं घेतलेली मादी दिसली तर फोटोबिटो सोडा, हळूहळू मागे सरका. कुत्रं अंगावर सोडू नका. ते अस्वलाला चिडवतं अन् पळत तुमच्याच पायात येतं. वनविभागाचा १९२६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा.