उन्हाळ्यात आयर्लंडला गोष्टी शिकवायला जाताना

सप्रेम आशीर्वाद.

आयर्लंडच्या केरी जिल्ह्यात जून ते ऑगस्ट राहून विद्यार्थ्यांना आयरिश गोष्टी सांगायला शिकवायचं काम तुला मिळालं, फार आनंद झाला. पण एक पक्कं ध्यानात ठेव: तिथे उन्हाळा हा गोष्टींचा हंगाम नव्हे. १ नोव्हेंबरच्या साउइन सणापासून १ मेच्या ब्यालतना सणापर्यंत, शेतीची कामं आटोपलेल्या लांब रात्रींत चुलीपाशी गोष्टी रंगायच्या. दंतकथांतला नायक फिन मॅककूल आणि त्याच्या फियाना वीरांच्या कथा दिवसाढवळ्या सांगणं तर अशुभच मानत. त्यात जूनअखेर तिथे सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. अंधार पडायची वाट बघत बसलीस किंवा बसलास, तर वर्ग कधी भरणारच नाही.

म्हणून अभ्यासक्रम ऋतूप्रमाणे बेत. लांबलचक वीरकथा सांगणारा तो श्केली. गावच्या जागा, घराणी, विहिरी, किल्ले यांची माहिती आणि आख्यायिका सांगणारा तो शॅनखी. ही दुसऱ्या प्रकारची ठेव बाराही महिने बोलण्यातून मिळते, कुंपणाशी उभ्या उभ्यासुद्धा. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना जागांच्या गोष्टी आणि पाच-सात मिनिटांच्या छोट्या कथा दे. लांब वीरकथा एखादीच, तीही पडदे ओढून, रात्री.

निघण्याआधी दूखस या संकेतस्थळावर बैस. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहाची पानं तिथे फुकट बघायला मिळतात. १९३७ ते १९३९ मध्ये प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणलेलं साहित्य त्यात आहे. आधी काउंटी (म्हणजे जिल्हा), मग परिसर, मग शाळा, असं शोध. गावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारचं असतं, म्हणून एकाच नावावर अडून राहू नकोस. आयरिशभाषी भागातली पानं बहुतेक आयरिशमध्येच आहेत, तिथे स्थानिक मदत घ्यावी लागेल. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या या संकलनात नव्हत्या.

आता वर्ग. बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा गट घेऊ नकोस. पहिली कथा म्हणून ‘गोष्ट नसलेला माणूस’ घे. तिची कितीतरी रूपं आहेत. शिकवायला सोपं रूप असं. टोपल्यांसाठी वेत कापायला गेलेला माणूस धुक्यात अडकतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी आसरा मिळतो, ते गोष्ट मागतात, तो म्हणतो, मला एकही येत नाही. ते त्याला बादल्या देऊन विहिरीवर पाण्याला पाठवतात आणि वारा त्याला उचलून नेतो. मयताच्या घरी पोचतो, तिथे फिडल (व्हायोलिन) वाजवायला सांगतात. मग पाद्री होऊन मास ही चर्चमधली प्रार्थना म्हणायला. मग खांदेकऱ्यांपैकी एकजण फारच उंच निघतो, तर डॉक्टर होऊन त्याचे पाय कापून आखूड करायला. दर वेळी तो म्हणतो, मी आयुष्यात हे केलेलं नाही, आणि दर वेळी करतो. शेवटी वारा त्याला पुन्हा विहिरीवर, बादल्यांपाशी आणून सोडतो. आता त्याच्याकडे गोष्ट असते.

ही तू दोनदा सांग. कुणी काही लिहून घ्यायचं नाही. मग जोड्या पाड, प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायची. नंतर विहीर, घर, रस्ता असा कागदावर नकाशा काढायचा, शब्द एकही नाही. दुसऱ्या दिवशी जोड्या बदलून पुन्हा. सुरुवातीचं ‘फदो, फदो’ (फार फार पूर्वी) आणि शेवटचं ‘ही माझी गोष्ट, यात खोटं असेल तर असू दे’ एवढंच पाठ करायचं, बाकी प्रत्येकाच्या शब्दांत. ‘फदो’मधला द आपल्या दातासारखाच म्हण, ड नको. इथे मराठी जीभ इंग्रजी जिभेपेक्षा सरस ठरते.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. घाई झाली की मुलं तिसरा प्रसंग गाळतात. तो गाळला की ‘आयुष्यात केलेलं नाही’ हे पालुपद बसतच नाही, कारण ऐकणारा ते तिसऱ्यांदा येण्याची वाट बघत असतो. पाण्याच्या बादल्या विसरल्या की माणूस परत येतो खरा, पण कुठे आला हे कुणाला कळत नाही. विशेषणं वाढतात, हात उगाच हलतात, आणि खोटा आयरिश सूर काढला जातो. तो पहिल्या दिवशीच बंद कर, स्थानिक माणसाला तो टोचतो. पाठ टिकवायची रीत विचारशील, तर केरीतल्या किल रियालिग गावचे कथाकार शॉन ओ कॉनिल (१८५३–१९३१) गुरं राखताना एकटेच मोठ्याने गोष्टी म्हणत, विसरू नयेत म्हणून. विद्यार्थ्यांनाही चालता चालता म्हणायला लाव.

संध्याकाळी कुणाकडे बसलात, तर जुनी म्हण लक्षात ठेव: पहिली गोष्ट घरधन्याची, मग उजाडेपर्यंत पाहुण्याची. त्यामुळे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी ने. केरी हा गाईदुधाचा मुलूख आहे. वासरांचं आणि मुलांचं पोट भरून म्हातारीने नेलेल्या खुलभर दुधाने देवाचा गाभारा भरला, हे तिथे समजावून सांगावं लागणार नाही. ‘आटपाट नगर होतं’ आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ मराठीतच म्हण. व्रताची माहिती देत बसू नकोस, कथा तिथेच थंड पडते.

फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचार, आणि गोष्ट सुरू झाल्यावर मुळीच नको. परीलोकांचा विषय निघाला की हसू नये. त्यांना तिथे ‘भले लोक’ म्हणतात. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथल्या, परीलोकांचं मानलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडासाठी एडी लेनिहान या कथाकाराने आवाज उठवला, आणि नव्या महामार्गाच्या कामात ते झाड राखलं गेलं. शेतातली गोल मातीची गढीही परीलोकांचीच मानतात; ती दिसली तर विद्यार्थ्यांना तिच्यावर चढू देऊ नकोस, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस.

केरीच्या किनाऱ्यापलीकडच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर जाशील तेव्हा मागे-पुढे दोन दिवस मोकळे ठेव. समुद्र खवळला की होड्या बंद. नामवंत कथाकार पेग सेयर्स (१८७३–१९५८) जिथे राहिल्या, ती वस्ती १९५३ मध्ये उठवली गेली, आता तिथे पडकी घरं आहेत. होडी रद्द झालीच, तर किनाऱ्यावरच्या डन खीनमधल्या ब्लास्केट केंद्रात तो दिवस सत्कारणी लागेल.

परतीचं तिकीट मात्र ऑगस्टअखेरचं काढू नकोस. सप्टेंबरच्या सुरुवातीला वेस्ट कॉर्कच्या केप क्लिअर बेटावर कथाकथनाचा महोत्सव भरतो, आणि वर्गात शिकवलेलं मुरलेल्या कथाकारांच्या तोंडून ऐकायची ती उत्तम संधी आहे. बेट लहान आहे, राहायच्या जागा मोजक्या. जूनमध्येच खोली सांगून ठेव.