युवक संघात ‘सगळं मीच करतो’ असं वाटू लागतं तेव्हा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा हा तरुण. वय २७, मेडिकल दुकानात नोकरी, चार वर्षांपासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक संघाचा लीडर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “सर, मीच सगळं करू लालो. पोरं वेळेवर येत नाहीत, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) ऐन टायमाला ठरलेलं बदलतात, गाण्याची प्रॅक्टिस घेणाऱ्या ताई दोन महिन्यांपासून बोलत नाहीत. सेवा सोडून देऊ का?”

लहान मंडळ्यांत हा प्रश्न फार ऐकू येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: प्रार्थना वाढव, क्षमा कर, मीपणा सोड. सल्ला चांगलाच आहे, पण या मुलाची प्रार्थना कमी पडत नव्हती. कुठलं काम कुणाचं, त्यात शेवटचा शब्द कुणाचा आणि बदल झाला तर कुणाला कळवायचं, हे त्या संघात कधी ठरलंच नव्हतं. अशा ठिकाणी साधी गफलत झाली तरी दोष माणसाच्या स्वभावाला लागतो.

म्हणून आधी एक कागद भरायला दिला. मागच्या महिन्यातली सगळी कामं, अगदी सतरंज्या अंथरण्यापासून, आणि चार रकाने: काम, करणारा, ठरवणारा, कळवायचं कुणाला. पुढच्या भेटीत त्यानं १९ कामं लिहून आणली. करणाऱ्याच्या रकान्यात १५ ठिकाणी त्याचंच नाव होतं. ‘ठरवणारा’ हा रकाना ११ ठिकाणी कोरा. तो कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, “पोरांना कामं दिली होती मी. पण विचारल्याशिवाय काही करू नका, असंही सांगितलं होतं.”

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, एकट्यानंच लोकांचे निवाडे करणाऱ्या मोशेला, सांगतो ते इथं नीट वाचावं. हजार, शंभर, पन्नास, दहा अशा गटांवर माणसं नेम, एवढंच तो सांगत नाही. लहान प्रकरणांचा निवाडा त्यांनीच करावा, मोठं तेवढं तुझ्याकडे यावं, असंही सांगतो. आपल्याकडे काम वाटलं जातं, निवाडा मात्र लीडरच्या खिशात राहतो. मग पोरं हमालासारखी राबतात आणि कंटाळून उशिरा येऊ लागतात.

काम सोपवण्याचे चार टप्पे त्याच्यासोबत ठरवले. पहिल्या शनिवारी नवीन मुलानं फक्त बघायचं. दुसऱ्या शनिवारी दोघांनी मिळून करायचं. तिसऱ्या वेळी मुलानं करायचं, लीडरनं मागच्या रांगेत बसायचं. चौथ्यापासून सभेनंतर दहा मिनिटं बोलणं, बस्स. गाडी हमखास अडते ती तिसऱ्या टप्प्यावर. मुलगा अडखळतो, बायबलमधलं वचन सापडत नाही, आणि लीडर उठून माइक घेतो. एकदा असं झालं की ते पोर पुन्हा पुढं येत नाही. चुकू द्यायचं, आणि बोलायचं ते नंतर एकट्यात. आपल्या भागात एका कामाला दोन माणसं तयार ठेवावीच लागतात. दिवाळीच्या सुमारास काही घरं ऊसतोडीला जातात, कुणी नोकरीसाठी पुण्याकडे, कुणी क्लाससाठी लातूरला. नाताळाची तयारी एकाच्या भरवशावर ठेवली की ऐन डिसेंबरात माणूस नसतो.

आता अबोल्याचं. नाताळाआधी घरोघर गाणी म्हणत जायची कॅरल फेरी ठरली होती, जुनी वस्ती आणि कॉलनी. रात्री आठ वाजता पाळकसाहेबांचा ग्रुपवर मेसेज आला, “आज फक्त कॉलनी.” जुन्या वस्तीत चार घरी चहा-फराळ मांडून लोक वाट बघत होते. हा चिडला आणि सगळ्यांदेखत ग्रुप सोडून गेला. मागची गोष्ट हळूहळू कळली. आदल्या रात्री मुली घरी पोहोचायला सव्वाबारा झाले होते. ताईंनी त्याआधीच त्याला सांगितलं होतं की साडेनऊला थांबू, त्यावर हा “बघू” म्हणाला होता. शेवटी त्या पालकांना घेऊन पाळकांकडे गेल्या, आणि पाळकांनी कारण न सांगता मार्ग कापला. तिघांच्याही मनात मुलांचं भलंच होतं. तरी तिघंही दुखावले, कारण वेळ ठरवायचा अधिकार कुणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

पाळकांशी बोलायला तो आधी दोन मित्रांना घेऊन गेला होता. त्यांना तो मोर्चाच वाटला. कुणी आपला अपराध केला तर काय करावं, याचा बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रम उगीच नाही: आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. एकट्यापुढं माणसाला माघार घेता येते. चारचौघांत तो आपली इज्जत सांभाळत बसतो. या वेळी तो एकटाच गेला, रविवारच्या उपासनेनंतरच्या गर्दीत नाही, मधल्या वारी, वेळ मागून. विषय एकच. “तुम्ही नेहमी असंच करता” याऐवजी त्यानं झालेली गोष्ट, तिचा परिणाम आणि मागणी एवढंच सांगितलं: “साहेब, त्या दिवशी आठ वाजता मार्ग बदलला. चार घरं वाट बघत राहिली, त्यांना काय सांगावं मला कळेना. पुढं बदल असला तर ग्रुपच्या आधी मला एक फोन करा.” पाळकांनी ते मान्य केलं आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच मंडळाचा आपल्यावर किती दाब होता, तेही पहिल्यांदाच बोलून दाखवलं. त्यानंच सुचवलं, की मुलींच्या परतीच्या वेळेबाबत ताईंचा शब्द शेवटचा.

ताईंची त्यानं माफी मागितली. त्या बोलू लागल्या, पण कमिटीत परत आल्या नाहीत. लहान मुलांचं संडे स्कूल घेतात. हे अपयश मानू नये. योहान मार्कला सोबत न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा या दोन प्रेषितांत इतका वाद झाला की दोघं वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये १५), आणि पुढं तोच मार्क आपल्या सेवेला उपयोगी आहे असं पौल २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहितो. समेट झाला म्हणजे एकाच खोलीत काम केलंच पाहिजे असं नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागते. मत्तय १८ चा हा क्रम लैंगिक छळाच्या तक्रारीला लावायचा नाही. १८ वर्षांखालच्या मुला-मुलीनं असं काही सांगितलं तर त्याला “आधी त्यांच्याशी एकट्यात बोल” म्हणून पाठवणं हा त्या लेकरावर दुसरा अन्याय आहे. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीची बैठक होईपर्यंत थांबता येत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. रोजच्या कामातही लीडरनं अल्पवयीन मुला-मुलींशी रात्री खासगी चॅट करू नये. घरी सोडायला दोन मोठी माणसं असावीत.

पैशाचंही तसंच. या संघाची शिबिराची वर्गणी लीडरच्याच फोनपेवर यायची. त्यानं एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता, तरी कुजबुज होतीच. आता रक्कम दोघं मिळून मोजतात, वहीत दोघांच्या सह्या होतात आणि वर्गणी थेट मंडळीच्या खात्यात जाते.

सेवा सोडायची का, हा प्रश्न शेवटी घेतला. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नुसता थकवा समजू नये, डॉक्टरांना दाखवावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. या तरुणाचं तसं नव्हतं, तो दमला होता. त्यानं पाळकांना लिहून दिलं की अजून एक वर्ष लीडर राहीन, महिन्यातला एक शनिवार सुट्टी घेईन, आणि जूनपासून दोघांना सोबत घेऊन काम शिकवीन. पाळकांनी सुट्टीचा शनिवार लगेच मान्य केला. ते दोघं कोण, यावर अजून बोलणं चालू आहे.