मोठी एसयूव्ही: डिझेल की इलेक्ट्रिक?

प्रश्न: नाशिकला रो-हाउस आहे. हातात पगार १ लाख ६० हजार, गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार. मोठी एसयूव्ही घ्यायची आहे. डिझेल गाडीची एक्स-शोरूम किंमत २३ लाख, इलेक्ट्रिकची साडेपंचवीस लाख. महिन्याला हजारेक किलोमीटर रनिंग, वर्षातून दोनदा नागपूर. मुलगी नववीत आहे, तिच्या शिक्षणाच्या फंडातले ७ लाख काढून बाकीचे २० लाख सात वर्षांच्या कर्जाने घेईन म्हणतो. जुनी डिझेल गाडी चांगली चालते, तिचे ४ लाख येतील. काय करू?

उत्तर: एक्स-शोरूमवर जाऊ नका, ऑन-रोड म्हणजे टॅक्स आणि विम्यासकटची किंमत बघा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स बसतो, म्हणजे तुमच्या गाडीला साडेतीन लाखांच्या घरात. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. त्यामुळे विमा धरून दोन्ही गाड्या २७ लाखांच्या आसपास येतात.

रनिंगचा हिशोब करू. डिझेल गाडीने लिटरला १४ किलोमीटर दिले तर हजार किलोमीटरला साडेसहा हजार रुपये लागतील. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून साधारण १८० युनिट. इथे एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर स्लॅबप्रमाणे चढतात. घरात आज २२० युनिट जळत असतील तर गाडीमुळे तुम्ही ३०० च्या वर जाता आणि वरची शंभर युनिटं महागाची पडतात. तरी अडीच-तीन हजारांत भागेल. घराचं छत तुमचंच आहे. ३ किलोवॉटच्या सोलरला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, तेव्हा त्याचा विचार कराच. सोलर न धरताही महिन्याला साडेतीन-चार हजार वाचतात. समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीही आहे. मात्र तिथे ११०-१२० च्या वेगाने बॅटरी भराभर उतरते, नागपूरला जाताना वाटेत फास्ट चार्जिंगसाठी थांबावंच लागेल.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळते असं शोरूममध्ये कोणी सांगितलं, तर ते विसरा. ते कलम ८०ईईबी. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ते लागू होतं.

रीसेलला मात्र डिझेल अजून सरस आहे. बॅटरीची आजीवन वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, दुसऱ्याच्या नावावर गाडी गेली की ती कमी होते. दर चार वर्षांनी गाडी बदलत असाल तर डिझेलच घ्या. आठ-दहा वर्षं वापरणार असाल, आणि घरचं पार्किंग असल्याने तुम्हाला ते सहज जमेल, तर माझं मत इलेक्ट्रिकला.

पण आत्ता नाही, आणि ही तर नाहीच. ९ टक्क्यांनी २० लाखांचा हप्ता ३२ हजारांवर जातो. गृहकर्ज धरून हप्त्यांत ७० हजार, पगाराच्या ४४ टक्के. सात वर्षांत व्याजच ७ लाख, म्हणजे मुलीच्या फंडातून काढाल तेवढेच. चार वर्षांत तिच्या कॉलेजची फी भरायची असेल तेव्हा गाडीचे हप्तेही चालूच असतील आणि शिक्षणासाठी पुन्हा कर्ज काढावं लागेल. त्या फंडाला कृपा करून हात लावू नका.

जुनी गाडी चालतेय ना, मग दीड वर्ष चालवा. तोवर दर महिन्याला हप्त्याएवढे ३२ हजार आवर्ती ठेवीत टाका. पावणेसहा लाख जमतील. जुन्या गाडीचे तेव्हा साडेतीन आले तरी सव्वानऊ लाख हाताशी असतील. मग छोट्या बॅटरीचं मॉडेल बघा, ऑन-रोड २३ लाखांपर्यंतचं. नागपूरच्या वाटेवर एक थांबा वाढेल, तोही वर्षातून दोनदाच. कर्ज पावणेचौदा लाखांचं, पाच वर्षांत फिटेल, हप्ता साडेअठ्ठावीस हजार. राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०३० पर्यंतचं आहे, त्यामुळे थांबल्याने टॅक्सची माफी हुकेल ही भीती मला वाटत नाही.

दीड वर्षात ते ३२ हजार दरमहा बाजूला पडले नाहीत, तर बुकिंग करण्याआधी मला पुन्हा लिहा.