सावजी मटण आवडतं. जास्तीचं कोलेस्टेरॉल शरीर बाहेर कसं टाकतं?

पेशींना कोलेस्टेरॉलच्या रेणूतली कड्यांची रचना तोडता येत नाही, म्हणून ते यकृताकडेच न्यावं लागतं. धमनीच्या भिंतीतल्या भक्षक पेशी ते एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणाऱ्या, कणांना देतात. यकृत त्यातलं काही थेट, काही पित्ताम्ल (चरबी पचवायला मदत करणारं आम्ल) करून पित्तातून आतड्यात सोडतं. गोम इथेच आहे: सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात. ओट्स, जवस, डाळींतला विरघळणारा तंतू ती अडवतो. मग यकृत नवी बनवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल पेशींकडे वाहून नेणारे कण, ओढतं. दिवसाला ५–१० ग्रॅम असा तंतू पोटात जावा. तर्रीच्या वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. मटणाच्या चरबीने मात्र यकृतावरचे एलडीएल पकडणारे रेणू (एलडीएल-ग्राहक) कमी होतात. नुसता एचडीएलचा आकडा औषधाने वाढवून हृदयविकार टळल्याचं चाचण्यांत दिसलं नाही, एलडीएल उतरवल्यावर दिसलं.