'गो'चा भूतकाळ 'वेंट' का होतो? 'गोएड' का नाही?

कारण 'वेंट' मुळात 'गो'चं नाहीच, ते उसनं आणलंय. जुन्या इंग्रजीत 'वेंड' असं वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, तसं वेंडचं वेंट. 'गो'चा जुना भूतकाळ 'एओदे' होता, तो हळूहळू मागे पडला आणि साधारण 15व्या शतकापर्यंत त्याच्या जागी 'वेंट' पक्कं बसलं. 'गॉन' मात्र घरचंच, 'गो'च्याच धातूचं. बिचारं 'वेंड' आता एखाद्या वाक्प्रचारापुरतं उरलंय.

माझी भाची सांगलीत पाचवीला आहे. परवा तिने वहीत 'आय गोएड टू मिरज' लिहिलं. मी हसलो तर म्हणते, "मामा, मग मराठीत 'जाला' का म्हणत नाही?" निरुत्तर! आपलंही तेच आहे की. 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूपासून, 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. दोन वेगळे धातू, संसार एक. आपण रोज बोलतो म्हणून खटकत नाही, एवढंच.

अर्थांचा पसाराही दोन्हीकडे सारखाच. आपली लाईट जाते, तोंडाची चव जाते, माणूसही 'जातो'. इंग्रजीतही बल्ब, भूक आणि माणूस 'गॉन' होतात. फक्त दूध त्यांच्याकडे 'गोज ऑफ', आपल्याकडे सरळ नासतं.

आणि हो, स्कॉटलंडकडच्या बोलीत 'गेड' असं भूतकाळी रूप आहे. म्हणजे भाचीचं अगदीच चुकलं नव्हतं.