परिपाठातले जोडलेले हात

प्रश्न : माझी नात सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेत पाचवीत आहे. परिपाठात रोज हात जोडून, डोळे मिटून देवाची प्रार्थना असते. तिचे आईवडील देव मानत नाहीत. परवा तिने हात जोडले नाहीत, म्हणून तिला रांगेतून बाहेर काढून सगळ्यांसमोर उभं केलं. मुलगा म्हणतो, अमेरिकेत असलं चालत नाही. पण तिथले राष्ट्राध्यक्ष तर प्रार्थनेचा दिवस जाहीर करतात, असं मी वाचलं. खरं काय? आणि आम्ही शाळेत जाऊन बोलावं का?
– एक आजी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, शाळेत जरूर जा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी याच शहरात एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. एका सकाळी परिपाठात सहावीतला एक मुलगा हात खाली सोडून उभा दिसला. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता, माईक खरखरत होता. मी रांगेत शिरले, त्याचे दोन्ही हात धरले आणि जोडून दिले. हात गार पडले होते. मी सोडले तरी ते तसेच चिकटून राहिले, प्रार्थना संपून प्रतिज्ञा सुरू झाली तरीही. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. मागावरून थेट आलेले, शर्टावर सुताचा भुगा. म्हणाले, “बाई, तुमच्या देवाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण पोरगं काल जेवलं नाही.” त्याच दिवशी तिसऱ्या तासाला मला सहावीच्या वर्गावर मूलभूत हक्क शिकवायचे होते.

अमेरिकेबद्दल तुम्ही दोघंही बरोबर आहात. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली होती. इंग्रजीत जेमतेम २२ शब्दांची. कुठल्याच एका पंथाची वाटू नये, अशी बेतून लिहिलेली. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावं, अशी मुभासुद्धा होती. तरी काही पालक कोर्टात गेले आणि १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की लोकांसाठी प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नव्हे. १९९२ साली सरकारी शाळेच्या पदवीदान समारंभातली धर्मगुरूची प्रार्थनाही गेली. बरोबरीची मुलं बघत असताना गप्प उभं राहणं त्या वयाला किती जड जातं, याचा विचार त्या निकालात आहे. तो वाचताना मला ते गार हात आठवले.

पण तिथेच संसदेचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं आणि राष्ट्रीय प्रार्थना दिनाचा कायदा १९५२ पासून आहे. नगर मंडळाच्या बैठकीआधीची प्रार्थना २०१४ साली ५ विरुद्ध ४ अशी टिकली. सामन्यानंतर मैदानावर प्रार्थनेसाठी गुडघे टेकणाऱ्या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनेही २०२२ साली निकाल लागला. म्हणजे धर्म आणि सरकार यांच्यामध्ये भिंत आहे, पण तिला दारं बरीच आहेत. माझ्या मते २०१४ चा निकाल चुकला. नळाच्या तक्रारीसाठी गेलेल्या माणसाला आधी कुणाच्या तरी देवापुढे मान झुकवायची की नाही हे ठरवावं लागू नये.

आपल्याकडे अशी भिंत नाही. राज्यघटनेचं कलम २८ मात्र आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत, म्हणजे तुमच्या नातीच्या शाळेतही, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. ‘आमची प्रार्थना सर्वधर्मीय आहे,’ असं मुख्याध्यापक म्हणतील. न्यूयॉर्कची ती २२ शब्दांची प्रार्थनाही तशीच होती. शिवाय प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. समितीतले दुसरे सदस्य थानू पिल्लै स्वतः देव मानणारे, पण ही श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल, असं म्हणून त्यांनी विरोध केला. मीही देव मानते. संक्रांतीला नंदीध्वज निघाले की सिद्धेश्वराच्या वाटेवर माझे हात आपोआप जोडले जातात. तिथे कुणी रांगेत शिरून माझे हात धरत नाही.

आता कामाचं. मुख्याध्यापकांच्या नावे सुनेने किंवा मुलाने सहीनिशी अर्ज द्यावा, कारण कायद्याने पालक ते आहेत. ‘कलम २८ प्रमाणे आमच्या मुलीने प्रार्थनेत भाग घ्यावा याला आमची संमती नाही, त्या वेळी ती शांतपणे उभी राहील,’ एवढं पुरे. पोच घ्या. राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा यांचा वाद यात आणू नका. बाईंची तक्रार करण्याआधी त्यांच्याशी बोला. मला त्या वडिलांचं एक वाक्य पुरलं होतं. आणि अर्ज देण्याआधी नातीला विचारा. रांगेत उद्या तिलाच उभं राहायचं आहे.