‘पॉज’ किती सेकंदांचा? ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटरविषयी वाचकांचे प्रश्न

पिंटर यांचे पहिले मोठे नाटक आठवड्यात बंद पडले म्हणतात. मग पुढे त्यांचे पोट कशावर चालले?
– एक वाचक, नागपूर

नटाच्या पगारावर आणि रेडिओ-टीव्हीच्या मानधनावर. ‘द बर्थडे पार्टी’ 28 एप्रिल 1958 रोजी केंब्रिजमध्ये उघडले. लंडनबाहेर त्याचे बरे स्वागत झाले, पण 19 मे रोजी ते हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरात आले आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. शनिवारी प्रयोग थांबले. ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरल्ड हॉब्सन यांनी नाटकाची मनापासून बाजू घेतली, पण ते छापून आले रविवारी!

लंडनच्या हॅकनी भागातल्या एका शिंप्याचा हा मुलगा तोवर ‘डेव्हिड बॅरन’ या नावाने गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांमधून कामे करत होता. अशा कंपनीत रात्री या आठवड्याचे नाटक आणि दिवसा पुढच्याची तालीम. वाक्य तोंडात कुठे अडकते आणि प्रेक्षक कुठे चुळबुळ करू लागतो, हे त्यांना तिथे कळले. पिंटर यांना दुर्बोध म्हणणारे हा नटाचा कान विसरतात. पुढे बीबीसीसाठी नभोनाट्ये झाली आणि 1960 मध्ये ‘द केअरटेकर’ आले. डचेस थिएटरात त्याचे 444 प्रयोग झाले. त्यानंतर पैशांची चिंता राहिली नाही.

संहितेत कुठे तीन टिंबे, कुठे ‘पॉज’, तर कुठे ‘सायलेन्स’ आहे. तिन्हीत फरक काय? किती सेकंद थांबायचे? आमच्या तालमीत सगळे एकसारखेच होते आणि प्रयोग रेंगाळतो.
– एकांकिका बसवणारा एक गट, कोल्हापूर

सेकंद मोजता, तिथेच गाडी अडते. ‘द होमकमिंग’ (1965) आणि ‘बिट्रेयल’ (1978) बसवणारे पीटर हॉल केवळ टिंबे आणि पॉज यांसाठी वेगळी तालीम घेत. त्यांची फोड अशी: तीन टिंबे म्हणजे पात्र शब्द शोधतेय, विचार चालूच आहे. पॉज म्हणजे बोलणे थांबले, पण झटापट थांबलेली नाही. सायलेन्स सगळ्यात लांब. त्यातून पात्र बाहेर येते ते वेगळ्या मनःस्थितीत, बहुतेकदा वेगळाच विषय घेऊन.

तालमीत असे करा. प्रत्येक पॉजच्या जागी नटाला मनातले न बोललेले वाक्य मोठ्याने बोलायला लावा. दोन-तीन तालमींनंतर ते वाक्य काढून टाका आणि तेवढीच जागा ठेवा. लांबी आपोआप ठरते, आणि प्रत्येक पॉजची निराळी ठरते. एखाद्या जागी वाक्य सापडतच नसेल, तर आधीचा संवाद चुकीच्या हेतूने बोलला जातोय असे समजा.

प्रयोग रेंगाळतो तो बहुधा पॉजमुळे नव्हे, तर मधल्या संवादांमुळे. तुमचे नट पॉजच्या आधीच वेग कमी करत असणार. वाक्य पूर्ण वेगात जाऊन आपटले पाहिजे. शिवाय पॉजमध्ये सिगरेट पेटवणे, खिडकीशी जाणे असले उद्योग नकोत. नाहीतर प्रेक्षक हालचाल बघतो आणि ताण सुटतो.

‘द डम वेटर’ स्पर्धेत करायचे आहे. दोनच नट, एकच खोली. सोपे जाईल ना?
– ठाणे

नटांना हो, बॅकस्टेजला नाही! तळघरातली खोली, मागच्या भिंतीशी दोन पलंग, मध्ये जेवणाच्या लिफ्टची झडप. डावे दार स्वयंपाकघर-संडासाकडे, उजवे बाहेरच्या वाटेकडे. लिफ्टची पेटी वरून धाडकन आदळली पाहिजे. हलक्या प्लायच्या पेटीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. तळाला वजन बांधा, दोर जाड घ्या, आणि पुलीला तेल द्या, नाहीतर पेटी दिसण्याआधी तिची कुरकुर ऐकू येते.

खरी मेख शेवटी आहे. गस आणि बेन हे दोन भाडोत्री मारेकरी. गस पाणी प्यायला डावीकडून जातो. मग डावीकडे संडासाची साखळी ओढल्याचा आवाज होतो, पाणी मात्र सुटत नाही. बेन त्या दाराकडे धावतो आणि नेमके उजवे दार उघडते. गस धडपडत आत येतो. अंगावर ना कोट, ना वेस्टकोट, ना टाय; पिस्तूल आणि त्याचा पट्टाही नाही. म्हणजे नटाला फ्लॅटच्या (नेपथ्यातल्या भिंतीच्या) मागून दुसऱ्या टोकाला जायचे आहे आणि एवढे उतरवायचेही आहे. साखळी त्याने ओढायची नाही, ते काम विंगेतल्या माणसाचे. मागचा काळा पडदा फ्लॅटला चिकटून असेल तर नट अडकतो आणि बेन पिस्तूल रोखून रिकाम्या दाराकडे बघत बसतो. माणूस सुटसुटीत पळेल एवढी जागा मागे सोडा, आणि ही धाव पहिल्या तालमीपासून घ्या.

पटकथाकार पिंटर समजून घ्यायचे तर सुरुवात कुठून करावी? आणि ‘बिट्रेयल’ उलटे का?
– पुणे

दिग्दर्शक जोसेफ लोझी यांच्यासाठी लिहिलेल्या तीन चित्रपटांपासून: ‘द सर्व्हंट’ (1963), ‘ॲक्सिडेंट’ (1967), ‘द गो-बिटवीन’ (1971). तिसऱ्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात म्हाताऱ्या लिओचे वर्तमान तुकड्यातुकड्यांनी त्याच्याच बालपणात घुसते. ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ (1981) हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, तिच्यात लेखक आजच्या काळातून बोलतो आणि शेवट अनेक आहेत. निवेदकाचा आवाज लावून हे भागवता आले असते. पिंटर यांनी त्याऐवजी ती कथा चित्रित करणारे आजचे नट-नटी आणि त्यांचे प्रकरण रचले. एक शेवट जुन्या जोडीला, दुसरा नव्या. आमच्या मते त्यांची सगळ्यात धाडसी पटकथा हीच.

‘बिट्रेयल’चे नऊ प्रवेश 1977 पासून 1968 कडे जातात, पण सरळ उलटे नाहीत. दुसरा, सहावा आणि सातवा प्रवेश आधीच्या प्रवेशानंतर घडतो. घटनाक्रम लावला तर 9, 8, 5, 6, 7, 4, 3, 1, 2. या क्रमाने एकदा वाचा आणि कोणाला काय कधी कळले याचा तक्ता करा. सातव्या प्रवेशात रॉबर्ट आणि त्याच्या बायकोचा प्रियकर असलेला त्याचा मित्र जेरी जेवायला बसतात. रॉबर्टला सगळे ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक असते, जेरीला नसते. सरळ क्रमात प्रेक्षकाला ‘पुढे काय’ची उत्सुकता असती. इथे त्याचे सगळे लक्ष रॉबर्ट काटा-चमचा कसा धरतो याकडे जाते.

मराठी रूपांतराला परवानगी लागतेच का? लेखक तर आता हयात नाहीत.
– सांगली

लागतेच. पिंटर यांचे निधन 24 डिसेंबर 2008 रोजी झाले. आपल्या कायद्याप्रमाणे हक्क 2068 अखेरपर्यंत आहेत. तिकीट नसले म्हणून सार्वजनिक प्रयोगाला आपोआप सूट मिळत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रयोगहक्कांसाठी पत्ता दिलेला असतो. तिथे भाषांतरकाराचे नाव, प्रयोगांची संख्या, सभागृहाची आसने, तिकीटदर आणि तारखा कळवा. भाषांतराचा हक्क आणि प्रयोगाचा हक्क वेगवेगळे मागावे लागतात. काटछाट करणार असाल तर तेही आधीच लिहा. वेळेत बसवण्यासाठी नंतर पाने गाळणे परवानगीत धरलेले नसते. उत्तराला वेळ लागतो, म्हणून प्रवेशिका भरण्याच्या बरेच आधी पत्र टाका.